वाचक विचारतात : लहान विमान आणि जास्तीचे वजन

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली आणि पुढच्याच वर्षी तेथून आसपासच्या लहान शहरांना व लक्षद्वीपला जोडणारी प्रादेशिक सेवाही सुरू झाली. तेव्हापासून गोव्यातील वाचकांची लहान विमानांविषयीची पत्रे वाढली आहेत. या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे विमानातील वजनाविषयी होती. विमानाचा भार आणि तोल यांचा हिशेब मांडणे हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : केदारनाथला जाताना हेलिपॅडवर आम्हा सर्वांना वजनकाट्यावर उभे राहायला सांगितले. नंतर परदेशात एका बेटावर जाताना नऊ आसनांचे विमान होते. तेथेही चारचौघांसमोर वजन केले आणि पत्नीला माझ्या शेजारून उठवून दुसऱ्या जागी बसवले. तिला ते फार लागले. मोपाहून मुंबईला जाताना कोणीही वजन विचारीत नाही. मग हा प्रकार लहान विमानांतच का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आपल्या पत्नीला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. काट्यावरचा आकडा फक्त कर्मचाऱ्याला दिसेल आणि तो मोठ्याने उच्चारला जाणार नाही, एवढी काळजी सहज घेता येते आणि ती घेतलीच पाहिजे. पण वजन करणे मात्र थांबवता कामा नये, कारण त्या नऊ आसनांच्या विमानात आपण सर्व जण कोणत्या विश्वासावर बसला होता, याचे उत्तर त्या काट्यातच होते.

मोठ्या विमानात प्रवाशांचे प्रत्यक्ष वजन करीत नाहीत, तर सरासरी धरतात. भारतात लोड शीट, म्हणजे विमानातील वजनाच्या हिशेबाचा तक्ता, भरताना प्रौढ प्रवाशाचे ७५ किलो, बारा वर्षांखालील मुलाचे ३५ किलो आणि तान्ह्या बाळाचे १० किलो धरण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. १८० प्रवाशांच्या विमानात कोणी ५५ किलोंचा असतो तर कोणी ९५ किलोंचा, आणि एवढ्या मोठ्या संख्येत कमी-जास्त वजने एकमेकांना बऱ्यापैकी भरून काढतात. नऊ जणांत तसे होईलच असे नाही. समजा, नऊही प्रवासी ९० किलोंचे धिप्पाड पुरुष आहेत, तर सरासरीने धरलेल्या वजनापेक्षा विमानात १३५ किलो जास्त चढले. सुमारे ७८ टनांच्या मोठ्या जेट विमानाला तेवढे वजन जाणवणारही नाही, पण ज्या एक इंजिनी विमानाचे उड्डाणाचे कमाल वजनच जेमतेम चार टन असते, त्याच्या दृष्टीने ते तीन टक्क्यांहून अधिक आहे. शिवाय, त्या चार टनांतला मोठा वाटा विमानाच्या स्वतःच्या वजनाचा आणि इंधनाचा असल्यामुळे, माणसांसाठी उरलेल्या हिश्शात हा फरक फारच मोठा ठरतो.

सरासरीवर विसंबण्याची किंमत काय असते, हे अमेरिकेत ८ जानेवारी २००३ रोजी दिसले. एअर मिडवेस्ट कंपनीचे बीचक्राफ्ट १९०० डी हे १९ आसनांचे विमान शार्लट येथून निघाले, उड्डाणानंतर त्याचे नाक वर वर जात राहिले आणि अवघ्या ३७ सेकंदांत ते विमानतळावरच्या एका हँगरवर कोसळले. विमानातील २१ जणांपैकी एकही वाचला नाही. त्या दिवशीच्या कागदावर विमान वजनाच्या मर्यादेत होते, कारण मान्यताप्राप्त सरासरी वजने वापरून हिशेब नियमाप्रमाणे केलेला होता. तपास यंत्रणेने नंतर खऱ्या वजनांचा शोध घेतला तेव्हा विमान मर्यादेपेक्षा सुमारे ५८० पौंड, म्हणजे २६० किलोंच्या आसपास जड होते आणि त्याचा तोल मागच्या बाजूला मर्यादेबाहेर गेलेला होता, असे निष्पन्न झाले. या अपघाताला देखभालीतील एका चुकीचीही जोड होती आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्यानंतर लहान विमानांच्या प्रवाशांची पाहणी केली आणि लोकांचे खरे वजन धरलेल्या सरासरीपेक्षा सुमारे २० पौंड, म्हणजे ९ किलोंनी जास्त भरले. लोकांची शरीरे बदलली होती, पण तक्त्यातील आकडे जुनेच राहिले होते. त्यानंतर ते वाढवण्यात आले.

सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये तिकिटाचे पैसेच प्रवाशाच्या आणि सामानाच्या किलोंवर आकारायला सुरुवात केली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये आणि फिनएअरने २०२४ मध्ये स्वेच्छेने पुढे येणाऱ्या प्रवाशांचे निनावी वजन केले, तेही आपली सरासरी तपासून घेण्यासाठीच. केदारनाथच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ते मंदिर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे, तेथील हवा विरळ असते आणि त्या हवेत हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकद खालच्यापेक्षा बरीच कमी होते. म्हणून तेथे किलो किलो मोजावा लागतो.

वजन विचारले की अनेक जण ते चार-पाच किलो कमी सांगतात, हे मी नोकरीच्या काळात सतत पाहिले. अंगावरचे कपडे, बूट, खिशातला फोन आणि गळ्यातली पर्स यांचा तर कोणी विचारही करीत नाही. त्यामुळे विचारून घेतलेल्या वजनापेक्षा काट्यावरचे वजन केव्हाही चांगले. आणि पत्नीची जागा का बदलली, याचा खुलासा चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात येईल. त्यात त्यांच्या मानापमानाचा काहीही संबंध नव्हता, एवढे त्यांना अवश्य सांगावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. कोणतेही यंत्र बनवताना त्याच्या क्षमतेत काही राखीव भाग ठेवतातच. आमच्याकडे सकाळच्या बसमध्ये आसनांपेक्षा कितीतरी जास्त माणसे उभी असतात, तरी बस पोहोचते. मग विमान थोडे जास्त भरले तर तो राखीव भाग उपयोगी पडणार नाही का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : बस जास्त भरली तर ती हळू धावते, घाटात धापा टाकते आणि अगदीच झेपेना झाले तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला तसे उभे राहता येत नाही. हवेत टिकण्यासाठी त्याला एका किमान वेगाने पुढे जावेच लागते, आणि वजन वाढले की नेमका हाच किमान वेग वाढतो. त्या वेगाखाली गेल्यावर पंखांवरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, पंखाची उचल अचानक कमी होते आणि विमान खाली येऊ लागते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीपासून दोन-तीन हजार मीटर उंचीवर असताना त्यातून सावरायला वाव असतो, पण उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात तो जवळजवळ नसतोच.

आता आकडे पाहू. वजन १० टक्क्यांनी वाढले, तर जमीन सोडण्यासाठी लागणारा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. पण जड विमान तो वेग गाठायलाही जास्त वेळ घेते, त्यामुळे उड्डाणासाठी लागणारे अंतर निदान २१ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ५०० मीटरांत उडणाऱ्या विमानाला ६०० मीटरांहून जास्त धावपट्टी हवी. एवढ्याने भागत नाही. जमीन सोडल्यावर वर चढण्याचा दर घटतो आणि समोरचे झाड, टेकडी किंवा विजेची तार ओलांडायला हवी तेवढी उंची वेळेत मिळत नाही. दोन इंजिनांच्या लहान विमानांविषयी लोकांचा असा समज असतो की एक बंद पडले तर दुसरे आहेच. प्रत्यक्षात अशी अनेक विमाने मर्यादेतल्या वजनातही एका इंजिनावर जेमतेम चढतात, आणि वजन जास्त असेल तर दुसरे इंजिन त्यांना फक्त थोडे लांब जाऊन खाली उतरण्याइतकाच अवधी देते.

वळण घेताना पंखांवरचा भार वाढतो, ही गोष्ट तुमच्या अभ्यासात आलीच असेल. उंची कायम ठेवून ६० अंशांनी कललेल्या वळणात तो दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. साहजिकच विमानात ३०० किलो जास्त असतील, तर त्या वळणात पंखांना ६०० किलो जास्त पेलावे लागतात. त्यातच वाऱ्याचा एखादा धक्का बसला तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच मांडून पाहावा.

राखीव क्षमतेविषयी तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण ती क्षमता कोणाकोणासाठी ठेवलेली आहे, हेही पाहिले पाहिजे. वाऱ्याचे झोत, जून-जुलैत पाण्याने निथळणारी धावपट्टी, मे महिन्याच्या दुपारची तापलेली आणि म्हणून विरळ झालेली हवा, जुने झालेले इंजिन, पंखाची झीज, वैमानिकाच्या हातून क्षणभर झालेला उशीर, या सर्वांसाठी मिळून ती एकच राखीव क्षमता असते. जास्तीच्या सामानाने ती आधीच खाऊन टाकली, तर गरजेच्या वेळी हाताशी काहीही उरत नाही. शिवाय, जास्त भाराने धातूला येणारा थकवा विमानाच्या अंगात साठत जातो. पंखाच्या मुळाशी किंवा चाकांच्या दांड्यांत पडलेली बारीक भेग आज केलेल्या चुकीची असते, पण ती तुटते पुढे केव्हातरी आणि दुसऱ्याच प्रवाशांना घेऊन.

प्रश्न : बेटावरून परतताना आमच्या विमानात काही जागा उघड उघड रिकाम्या होत्या. तरीही कंपनीने आमची दोन खोकी मागे ठेवली आणि आणखी तिकिटे मागणाऱ्यांना नकार दिला. रिकाम्या जागा असताना हा आडमुठेपणा कशासाठी?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आसनांची संख्या आणि विमान त्या दिवशी, त्या धावपट्टीवरून नेऊ शकेल ते वजन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षद्वीपमधील अगत्तीचेच उदाहरण घ्या. तेथील धावपट्टी सुमारे १,२०० मीटरांची आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे. धावपट्टी आखूड असली की विमानाला तेवढ्या अंतरात वेग गाठता आला पाहिजे आणि काही बिघडल्यास थांबताही आले पाहिजे, म्हणून उड्डाणाचे वजन कमी ठेवावे लागते. त्यात बेटावर उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन बरोबर असावे लागते, आणि इंधनालाही वजन असते.

जागा आणि वजन यांतला हा फरक एका साध्या विमानावरून स्पष्ट होईल. शिकाऊ वैमानिकांना परिचित असलेल्या सेसना १७२ एस विमानात चार आसने आहेत. विमानाचे स्वतःचे वजन वगळता माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलो त्यात घालता येतात. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचेच सुमारे १४४ किलो होतात आणि उरतात साधारण २५५ किलो. ७५ किलोंची चार माणसे बसवली तर ३०० किलो झाले आणि सामानाची एक पिशवीही न ठेवता मर्यादा ओलांडली गेली. म्हणजे चार आसनांचे ते विमान पूर्ण टाक्यांसह चार प्रौढांना नेऊच शकत नाही. एक तर माणूस कमी करावा लागतो, नाही तर इंधन. इंधन कमी करायचे तर ते प्रवास आणि राखीव साठा यांना पुरते का, हे पुन्हा पाहावे लागते. लहान विमानांचा सगळा हिशेब असाच ओढाताणीचा असतो.

आपली खोकी मागे राहिली याचा राग मी समजू शकतो. मेमध्ये मानकुराद आंब्यांची पेटी किंवा चतुर्थीला घरी न्यायचे सामान मागे राहिले तर कोणालाही चुटपुट लागेल. सामान पुढच्या फेरीने कधी येईल, हे कंपनीने लेखी सांगायला हवे होते आणि ते न सांगितल्याबद्दल आपण जरूर तक्रार करावी. पण सामान उतरवण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने आपल्या जिवाची काळजी घेतली, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे पुरे नाही का? कोण पुढे बसतो आणि कोण मागे, याने काय बिघडते?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बऱ्याचदा एकूण वजनापेक्षा हाच प्रश्न अधिक घातक ठरतो. मोपाला एटीआर विमान उभे असताना त्याच्या शेपटीकडे नीट पाहा. शेपटीखाली जमिनीपर्यंत पोहोचणारा एक दांडा लावलेला दिसेल. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात. पुढचा भाग रिकामा असताना मागे गर्दी झाली, तर शेपूट खाली बसून नाक उचलले जाण्याची शक्यता असते आणि ती टाळण्यासाठी हा टेकू असतो. विमान निघण्यापूर्वी तो काढतात. हवेत असा टेकू नसतो, तेथे तोल वजनाच्या वाटणीनेच राखावा लागतो.

सर्व वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो विमानाचा गुरुत्वमध्य. तो पुढच्या आणि मागच्या एका ठरावीक मर्यादेच्या आतच असावा लागतो. तो फार पुढे गेला तर नाक जड होते, उड्डाणाच्या वेळी ते उचलत नाही आणि उतरताना विमान पुढच्या चाकावर आदळू शकते. तो फार मागे गेला तर संकट आणखी गंभीर असते, कारण विमान अस्थिर होते. नाक थोडे वर गेले की ते आपोआप खाली येण्याऐवजी आणखी वर जाऊ पाहते, विमान स्टॉल होते आणि शेपटीवरची आडवी हलती फळी, म्हणजे एलिव्हेटर, पूर्ण फिरवूनही नाक खाली आणता येत नाही.

अलास्कामधील सोल्डोट्ना येथे ७ जुलै २०१३ रोजी हेच घडले. डीएचसी-३ ऑटर हे एक इंजिनी विमान नऊ प्रवासी आणि वैमानिक यांना घेऊन एका निवासी लॉजकडे निघाले होते आणि त्यात लॉजसाठी न्यायचा मालही होता. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते कोसळले आणि दहाही जण दगावले. मालाचे वजन ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, नोंदवलेले होते. तपासात ते ७१८ पौंड, म्हणजे सुमारे ३२६ किलो निघाले, नोंदीच्या जवळजवळ अडीचपट. माल काट्यावर घातलाच गेला नव्हता आणि त्यामुळे गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्या बराच बाहेर गेला होता. एका काट्याने हे सारे टळले असते, असे वाटून मला आजही वाईट वाटते.

म्हणून कर्मचाऱ्यांनी सांगितले की उठून दुसऱ्या आसनावर बसावे. उड्डाणापूर्वी त्यांना न विचारता जागा बदलू नये. पाय ठेवायला अडचण होते म्हणून पिशव्या मागच्या रिकाम्या आसनांवर टाकणे, हेही करू नये.

प्रश्न : माझे एक नातेवाईक आफ्रिकेत नोकरीला आहेत. ते सांगतात की तेथील लहान विमाने रोज खच्चून भरून जातात आणि सुखरूप पोहोचतात. मग धोका खरोखर किती, आणि भीती किती?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ‘काल गेले होते, म्हणून आजही जाईल’ हा युक्तिवाद मी ज्येष्ठ वैमानिकांच्या तोंडूनही ऐकला आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

वर उल्लेख केलेल्या शार्लटच्या विमानाकडे पुन्हा जाऊ. अपघाताच्या दोन दिवस आधी त्याच्या देखभालीत एलिव्हेटरची तार चुकीची बसवली गेली आणि नाक खाली आणण्याच्या दिशेने एलिव्हेटरची हालचाल जवळजवळ निम्म्यावर आली. तशा अवस्थेत त्या विमानाने नऊ फेऱ्या केल्या आणि ते प्रत्येक वेळी सुखरूप उतरले. त्या फेऱ्यांत तोल एवढा मागे गेला नव्हता, म्हणून उरलेली निम्मी हालचाल पुरेशी पडली. दहाव्या फेरीला विमान पूर्ण भरले, तोल मागे गेला, नाक वर जाऊ लागले आणि ते खाली आणायला जेवढा एलिव्हेटर हवा होता तेवढा शिल्लक नव्हता. नुसती ती चूक किंवा नुसते ते वजन असते, तर कदाचित २१ माणसे वाचली असती. जास्त वजनाचे हेच लक्षण आहे. ते बहुधा एकटे मारत नाही, दुसऱ्या कशाची तरी वाट पाहते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अलास्कात बेरिंग एअर कंपनीचे सेसना ग्रँड कॅराव्हॅन विमान नोम गावाकडे येताना समुद्रावरील बर्फात कोसळले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. विमानावर बर्फ जमेल अशा हवेत उडण्यासाठी त्या विमानाची जी कमाल वजनमर्यादा होती, तिच्यापेक्षा ते सुमारे अर्धा टन जड होते, असे प्राथमिक अहवालात नमूद आहे. आफ्रिकेतल्या वैमानिकासमोर बर्फ येणार नाही, पण उन्हाने तापलेली कच्ची धावपट्टी आणि पावसाळी वादळ येईल, आणि ज्या दिवशी ते येईल त्या दिवशी आधीच्या सुखरूप फेऱ्या त्याच्या कामी येणार नाहीत.

आपल्या नातेवाईकांना माझा आग्रहाचा निरोप द्यावा की त्यांनी अशा विमानात बसू नये. रस्ता वाईट असला आणि दोन दिवस लागणार असले, तरी चालेल.

प्रश्न : मुलाच्या लग्नासाठी घरातली मंडळी लहान चार्टर विमानाने न्यावी, असा विचार आहे. आमची माणसे सोळा, त्यांत लहान मुले चार. एक एजंट म्हणतो की नऊ आसनांच्या विमानात ‘मुले मांडीवर घेऊन, थोडे सरकून’ दोन फेऱ्यांऐवजी एका फेरीत काम होईल. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : त्या एजंटाशी व्यवहार करू नये. एवढे लिहून मी थांबू शकलो असतो, पण सोळा जणांचा प्रश्न असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मांडीवर बसवण्याची सवलत दोन वर्षांखालील बाळापुरतीच आहे. त्याहून मोठ्या मुलाला स्वतंत्र आसन आणि पट्टा हवाच. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात चेंबरलेन येथे ३० नोव्हेंबर २०१९ रोजी कोसळलेल्या पिलाटस पीसी-१२ विमानात दहा आसने होती आणि माणसे बारा. विमानाचे वजन मर्यादेपेक्षा १०७ पौंड, म्हणजे ४९ किलोंनीच जास्त होते, पण गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्या बाहेर होता आणि विमानावर बर्फ साचलेले होते. त्यातील नऊ जण गेले. ४९ किलो म्हणजे एखादा किशोरवयीन मुलगा किंवा दोन भरलेल्या बॅगा. लग्नाच्या गडबडीत तेवढ्याकडे कोण लक्ष देईल, याचा आपणच विचार करावा.

दुसरे उदाहरण तरुण वाचकांना ठाऊक असेल. अमेरिकी गायिका आलिया हिचा २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामाजमधील अबाको बेटावर मृत्यू झाला, तेव्हा ती २२ वर्षांची होती. चित्रीकरण संपवून परतणाऱ्या आठ प्रवाशांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन निघालेले सेसना ४०२ बी विमान सुमारे ७०० पौंड, म्हणजे ३२० किलोंच्या आसपास जास्त वजन घेऊन उडाले. त्याचा तोलही मागे गेलेला होता, आणि ते उडवणाऱ्या वैमानिकाला ते विमान चालवण्याची रीतसर परवानगी नव्हती. नऊपैकी कोणीही वाचले नाही. परतण्याची घाई, सोबत बरेच सामान आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणणारी माणसे, हे सर्व लग्नघरातही असते, म्हणून मी ते मुद्दाम लिहिले.

आपण असे करावे. भाडे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. तो संबंधित कंपनीकडे आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारावे आणि त्याची प्रत मागावी. प्रत्येकाचे कपड्यांसह वजन आणि प्रत्येक बॅगेचे वजन घरच्या काट्यावर करून कंपनीला खरे आकडे कळवावेत. शालू, दागिन्यांचे डबे, पूजेचे साहित्य, नारळांची पोती आणि मिठाईची खोकी यांचीही गणती करावी, आणि यातले जेवढे रस्त्याने पाठवता येईल तेवढे आदल्या दिवशीच गाडीने रवाना करावे. कडक बॅगांऐवजी मऊ पिशव्या घेतल्या तर लहान विमानात सामान योग्य जागी ठेवणे सोपे जाते. विमानतळावर वैमानिकाला विनयाने विचारावे की लोड शीट आमच्या खऱ्या वजनांवरून भरली आहे ना. चांगला वैमानिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट त्याला बरे वाटते, कारण ‘आणखी एकाला घ्या’ असा आग्रह धरणारे त्याला रोज भेटत असतात. आसनांपेक्षा माणसे जास्त दिसली, तर चढू नये आणि घरच्यांनाही चढू देऊ नये. तसा प्रकार घडल्यास महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. एअरसेवा या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

आपली माणसे सोळा असल्यामुळे नऊ आसनांच्या विमानाच्या दोन फेऱ्या अटळ आहेत, आणि सामान व इंधन यांचा हिशेब केल्यावर त्या तीनही होऊ शकतात. हे आजच ठरवून तिन्ही फेऱ्यांचे पैसे करारात लिहून घ्यावेत. आयत्या वेळी मुहूर्ताची घाई असताना, वडीलधारी मंडळी धावपट्टीजवळ उन्हात ताटकळत उभी असताना आणि सर्वांच्या नजरा वैमानिकावर खिळलेल्या असताना असा निर्णय शांतपणे घेता येत नाही. खर्च फारच वाढत असेल, तर वयस्कर मंडळींना आणि मुलांना नेहमीच्या विमानसेवेने पाठवावे आणि बाकीच्यांनी रेल्वेने जावे.